चौघांची एक आजी : ॲनिमेशन शिकणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा विषय एकच आहे : अनेकांनी मिळून करायची लघुफिल्म. त्यांतली चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : मी पुण्यात ॲनिमेशनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षात शिकते. आम्ही चौघे मिळून हाताने रेखाटलेली चार मिनिटांची फिल्म करत आहोत. एस.टी. स्थानकावर पेरू विकणारी आजी आणि रोज तिच्याशेजारी येऊन बसणारा एक मुलगा अशी गोष्ट आहे. शॉट आम्ही मोजून चौघांत सारखे वाटून घेतले. सहा आठवड्यांनी सगळे शॉट एकत्र लावून पाहिले, तर आजी प्रत्येकाच्या हातची वेगळीच दिसते. एकाची साठीची वाटते, दुसऱ्याची नव्वदीची. आतापर्यंत पंचेचाळीस सेकंदांचे काम झाले आहे आणि सादरीकरणाला सोळा आठवडे उरले आहेत. आमचे काय चुकले आणि आता कुठून सुरुवात करावी?

उत्तर : आजीकडे वळण्यापूर्वी हिशेब करू, कारण तुमच्या पत्रातली अधिक गंभीर अडचण त्या शेवटच्या आकड्यांत आहे. एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रे, धरल्या तर चार मिनिटांच्या ५,७६० फ्रेम होतात. प्रत्येक रेखाटन दोन फ्रेम टिकवले, तरी एका पात्रासाठी २,८८० रेखाटने लागतात आणि तुमच्या गोष्टीत पात्रे दोन आहेत. सहा आठवड्यांत चौघांनी मिळून ४५ सेकंद केले, म्हणजे आठवड्याला साडेसात सेकंद. उरलेल्या सोळा आठवड्यांतले चार कंपोझिटिंग (पात्रे आणि पार्श्वभूमी एका चित्रात जुळवणे), ध्वनी आणि शेवटच्या संकलनासाठी बाजूला ठेवा. ते कमी करण्याचा मोह होईल, पण तो आवरा. उरलेल्या बारा आठवड्यांत याच गतीने आणखी ९० सेकंद होतील. आधीचे ४५ मिळवले तर सव्वादोन मिनिटे भरतात, आणि त्या पंचेचाळीसांतले काही पुन्हा करावे लागणारच आहेत. तेव्हा तुमची फिल्म दोन मिनिटांची आहे असे आजच ठरवा. चार मिनिटांची अर्धवट फिल्म दाखवण्यापेक्षा दोन मिनिटांची पूर्ण फिल्म दाखवणे केव्हाही चांगले.

काटछाट करायची ती ॲनिमॅटिकमध्येच, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रे आवाजासह वेळेत बसवून केलेल्या कच्च्या फिल्ममध्ये. तुमच्या पत्रात ॲनिमॅटिकचा उल्लेख नाही. ते केले नसेल, तर दोन दिवस सगळ्यांनी रेखाटन थांबवून आधी ते करा. एकट्याच्या फिल्ममध्ये लय डोक्यात ठेवून काम करता येते, पण चौघांच्या डोक्यांत एकच लय राहणे शक्य नाही. ती समोर ऐकू यावी लागते. महागडे शॉट कोणते तेही ॲनिमॅटिक पाहताना लगेच कळते. मुलगा चालत येतो हा शॉट महागडा, कारण चालण्यात अख्खे शरीर हलते. त्याऐवजी पेरूंची टोपली दाखवा आणि तिच्याशेजारी दप्तर येऊन टेकू द्या. गाडी सुटते तेव्हा गाडी रेखाटण्याची गरज नाही. टोपलीवरून सावली सरकली आणि कंडक्टरची डबल बेल ऐकू आली, की मराठी प्रेक्षकाला एस.टी. सुटल्याचे दिसते. असे दोन-तीन शॉट सापडले तरी तुमचा दीड-दोन आठवड्यांचा वेळ वाचेल.

आता आजीकडे. तुम्ही शॉट सारखे वाटले, पण आजी कशी दिसते हे चौघांनी मिळून ठरवले नाही, असे मला दिसते. मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसे काढायचे हे ठरवून देणारा कागद, नुसती पुढून, बाजूने आणि मागून काढलेली चित्रे एवढीच असेल, तर ती अपुरी आहे. आजीची उंची तिच्या डोक्याच्या किती पट, उभी असताना किती आणि बसल्यावर किती, कुंकू कपाळावर भुवयांपासून किती अंतरावर, पदर कोणत्या खांद्यावरून, हनुवटी आणि गळा यांच्यामध्ये रेघ आहे की नाही, हसताना डोळ्यांच्या कोपऱ्याशी किती सुरकुत्या, हे सारे त्या कागदावर ठरलेले असावे. वय ठरते ते बहुधा पाठीच्या बाकावर आणि मान खांद्यांच्या किती पुढे आली आहे त्यावर. चेहऱ्यावरच्या रेघांचा वाटा त्यात कमी असतो. तुमच्या साठीच्या आणि नव्वदीच्या आजीत फरक तिथेच असणार, ती चित्रे एकमेकांवर ठेवून पाहा. त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला चुकीची आजी काढा आणि तिच्यावर फुली मारा. ‘असे काढू नका’ हे चित्र ‘असे काढा’ या चित्राइतकेच उपयोगी पडते. रेखाटन तपासण्यासाठी आपण ते आरशातल्यासारखे उलटे करून पाहतो आणि घाईत तसेच ठेवून देतो, मग मधल्याच एका शॉटमध्ये पदर दुसऱ्या खांद्यावर जातो. चौघांच्या फिल्ममध्ये ही चूक हमखास होते.

वाटणीची पद्धतही बदला. आजीचे मुख्य शॉट, विशेषतः चेहरा जवळून दिसणारे, ज्याच्या हाताला आजी बसली आहे अशा एकाकडेच द्या. मुलगा दुसऱ्याकडे द्या. तिसऱ्याने दोघांचेही क्लीनअप करावे, म्हणजे कच्च्या रेखाटनावरून स्वच्छ रेघ काढावी, म्हणजे अखेरची रेघ एकाच हाताची राहील. एवढ्यानेही निम्मा फरक मिटतो. चौथ्याने पार्श्वभूमी आणि रंग सांभाळावेत. यात कुणाला कमीपणा नाही. मोठ्या स्टुडिओंतही मुख्य पात्र एकेका प्रमुख ॲनिमेटरकडे सोपवण्याची पद्धत जुनी आहे. ज्या शॉटमध्ये आजी आणि मुलगा दोघेही आहेत, तिथे मात्र दोघांनी शेजारी बसूनच काम करावे.

माझ्या मते गटाच्या फिल्ममध्ये शिकण्यासारखी खरी गोष्ट रेखाटनापलीकडची आहे : आपले अर्धवट काम दुसऱ्याला उचलून पुढे नेता येईल अशा स्थितीत त्याच्या हाती देणे. एक उदाहरण घ्या. आजी मान वळवून मुलाकडे पाहते, एवढाच बारा फ्रेमचा शॉट आहे. तुम्ही सुरुवातीचे आणि शेवटचे अशी दोन मुख्य रेखाटने काढली आणि मधली चार मित्राला दिली. त्याने दोन्हींच्या बरोबर मधोमध रेघा ओढल्या, तर मान सरळ रेषेत सरकेल आणि आजी दाराच्या बिजागरीसारखी फिरेल. माणूस मान वळवतो तेव्हा डोके मध्यावर किंचित खाली जाते, पापण्या क्षणभर मिटतात, हनुवटी कमानीतून जाते, आणि डोक्यावरचा पदर दोन फ्रेम मागे राहून मग येऊन स्थिरावतो. हे तुमच्या मनात आहे, पण मित्राला ते कसे कळणार? त्यासाठी मधले, डोके खाली गेलेले, पापण्या मिटलेले तिसरे रेखाटन तुम्हीच काढून द्यायला हवे. शिवाय मुख्य रेखाटनाच्या कडेला छोटा टाइमिंग चार्ट हवा, ज्यावर मधली रेखाटने सुरुवातीच्या जवळ दाटीने आहेत की शेवटाजवळ हे आडव्या रेघांनी दिसते. आणि एक्स-शीटवर, म्हणजे फ्रेमवार नोंदीच्या तक्त्यावर, कोणते रेखाटन किती फ्रेम टिकते, हे ओळीने लिहिलेले हवे. संगणकावर काम करताना हे सगळे अनावश्यक वाटते, कारण टाइमलाइन समोरच असते. पण टाइमलाइन काय केले ते दाखवते, का केले ते दाखवत नाही.

मुंबईत केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तेथील तरुणांना शिकवायला आले होते, आणि त्याच विभागातून १९५७ साली ‘द बनियन डिअर’ ही फिल्म तयार झाली. नामवंत भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांची कारकीर्द याच विभागात सुरू झाली. एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर जाताना त्यासोबत सूचनाही जायला हव्यात, ही शिस्त अशा विभागांत कामातच मुरलेली असे. वसतिगृहाच्या खोलीत चौघांनी केलेल्या फिल्मला तीच शिस्त लागते, फक्त ती लावणारे कुणी वर नसते, म्हणून ती आपणच लावून घ्यावी लागते.

फाइलच्या नावात प्रसंगाचा क्रमांक, शॉटचा क्रमांक, टप्पा आणि आवृत्तीचा क्रमांक एवढेच असावे. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात कधीही लिहू नका. सगळ्या कामाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. माझ्या विद्यार्थिदशेत आम्ही पाच जणांनी केलेल्या फिल्मची अखेरची प्रत एकाच हार्डडिस्कवर होती आणि सादरीकरणाच्या आठ दिवस आधी ती डिस्क उघडेनाशी झाली. आम्ही जुन्या आवृत्तीवरून फिल्म पुन्हा जुळवली, पण एका मैत्रिणीचे दोन महिन्यांचे रंगकाम त्यात परत आले नाही. तिने कुणालाही बोल लावला नाही, आणि त्याचेच मला आजही वाईट वाटते. दर शनिवारी नवे शॉट ॲनिमॅटिकमध्ये आपापल्या जागी बसवून चौघांनी एकत्र पाहा. सुटा शॉट चांगला दिसला तरी त्याच्यावर मत देऊ नका.

प्रश्न : आम्ही लातूरचे तीन मित्र आहोत. आमच्याकडे एकच जुना संगणक आहे आणि सॉफ्टवेअर विकत घेण्याइतके पैसे नाहीत. अशा स्थितीत एकत्र फिल्म करण्याचा विचार करावा का?

उत्तर : अवश्य करावा. ब्लेंडर, क्रिटा आणि ओपनटून्झ ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि अधिकृतपणे मिळतात, त्यामुळे चोरीची प्रत वापरण्याचे काहीच कारण उरलेले नाही. ओपनटून्झ ज्या टून्झ या सॉफ्टवेअरवर आधारलेले आहे, ते जपानच्या स्टुडिओ घिबली या ॲनिमेशन स्टुडिओत वापरले गेले आहे. २०२५ साली सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारी ‘फ्लो’ ही लॅटव्हियाची फिल्म ब्लेंडरमध्ये केलेली आहे.

तरीही तिघांत एकच संगणक असेल, तर मी तुम्हाला स्टॉप-मोशनचा, म्हणजे वस्तू थोडीथोडी हलवून एकेक छायाचित्र घेत केलेल्या ॲनिमेशनचा, विचार करायला सांगेन. त्यात संगणक अखेरीस लागतो. बाकीचे काम टेबल, दिवा आणि तिपाईवर घट्ट बसवलेला एक फोन यांवर होते. एकाने वस्तू हलवायची, दुसऱ्याने छायाचित्र घ्यायचे, तिसऱ्याने वहीत फ्रेमची नोंद ठेवायची, अशी तिघांची वाटणी त्यात आपोआप होते. फोनचा प्रकाश आणि फोकस आपोआप बदलू देऊ नका, आणि खिडकी झाका, कारण दुपारचे ऊन सरकले की चित्र लुकलुकते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली ती आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवूनच. आगपेटी लातुरात नक्कीच मिळते.

प्रश्न : मी नागपूरला दुसऱ्या वर्षात शिकतो. इंटरनेटवर ओळख झालेल्या पंचवीस-तीस ॲनिमेटरांनी मिळून एका हिंदी चित्रपटगीतावर फिल्म करायचे ठरवले आहे. प्रत्येकाकडे गाण्याचे सहा ते आठ सेकंद येतील. संयोजकाला आम्ही कधी भेटलेलो नाही. सहभागी व्हावे का? आमचे शिक्षक म्हणतात की यात वेळ वाया जातो.

उत्तर : सहभागी व्हा, पण आधी दोन गोष्टी विचारून घ्या. सहा सेकंद ही शिकणाऱ्यासाठी अतिशय योग्य लांबी आहे. ती संपवता येते, आणि संपवलेल्या सहा सेकंदांतून अर्धवट सोडलेल्या दोन मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक शिकायला मिळते. अशा उपक्रमात प्रत्येकाची शैली वेगळी असली तरी चालते, किंबहुना तीच त्याची गंमत असते. त्यामुळे पहिल्या पत्रातल्या आजीची अडचण तुम्हाला येणार नाही. येईल ती सांध्यांची. तुमच्या आधीच्या आणि नंतरच्या तुकड्याच्या ॲनिमेटरांना स्वतः संदेश पाठवा, त्यांची शेवटची आणि पहिली फ्रेम मागून घ्या आणि तुमचा तुकडा त्यांतून निघेल व त्यांत मिसळेल असा आखा. संयोजकाने सांगण्याची वाट पाहू नका.

विचारायची पहिली गोष्ट मुदतीची. कुणी काम सोडले, तर तो तुकडा किती दिवसांनी दुसऱ्याकडे जाईल, हे आधी जाहीर झालेले असावे. पंचवीस जणांत चार-पाच जण गळतात, हे गृहीतच धरावे. संयोजकाने ते धरलेले नसेल, तर फिल्म पूर्ण होण्याची शक्यता कमी. दुसरी गोष्ट गाण्याची. चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रणावर आपल्याकडे ६० वर्षे स्वामित्व हक्क असतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क त्याहून वेगळे असतात. परवानगीशिवाय केलेली फिल्म इंटरनेटवरून उतरवली जाऊ शकते, आणि महोत्सवाला पाठवायची झाल्यास संगीताची परवानगी बहुतेक ठिकाणी मागतातच. तुमच्या तुकड्याची आवाजाविना प्रत जवळ ठेवा. हालचाल चांगली असेल तर शोरीलमध्ये (आपल्या निवडक कामाच्या नमुनाफिल्ममध्ये) ती आवाजाविनाही उठून दिसेल.

तुमच्या शिक्षकांची काळजी मी समजू शकतो, पण माझे मत वेगळे आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या संस्थेत पदवीची फिल्म विद्यार्थी गटानेच करतात. अभ्यासक्रमात ती सोय नसेल, तर विद्यार्थ्याने ती बाहेर शोधण्यात गैर काही नाही. परीक्षेच्या महिन्यात मात्र नवा तुकडा घेऊ नका.

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापूरहून मुंबईला ॲनिमेशन शिकायला गेली आहे. गेल्या वर्षी सात जणांच्या गटात तिने एका लघुफिल्मवर पाच महिने काम केले. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले अकरा शॉट पूर्णपणे तिने केले आहेत. आता ती फिल्म एका महोत्सवात निवडली गेली आहे, पण श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून एकाच मुलाचे नाव आहे आणि माझ्या मुलीचे नाव ‘विशेष आभार’ या यादीत आहे. ती फार खचली आहे. भांडण करू नये असे तिला वाटते. तिला तिच्या कामाचा हक्क मिळू शकतो का? नोकरीसाठी हे शॉट ती दाखवू शकते का?

उत्तर : आपल्या पत्रातील दुखणे मी अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते क्षुल्लक नाही. पाच महिने रात्रंदिवस एखाद्या पात्राचे हातपाय हलवणाऱ्याला ‘विशेष आभार’ देणे अयोग्य आहे. ते स्थान चहा पाठवणाऱ्या शेजाऱ्यांचे आणि खोली देणाऱ्या मावशीचे असते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरले जाते, त्यामुळे संपूर्ण फिल्मवर हक्क सांगणे तिला सोपे जाणार नाही. परंतु तिने काढलेली रेखाटने ही स्वतंत्र कलाकृतीही आहेत, आणि त्याच कायद्याच्या कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तेपण सांगण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. मालकी दुसऱ्याला दिली तरीही तो जात नाही. मालकी द्यायची तर कलम १९ नुसार लेखी आणि सहीनिशी द्यावी लागते. म्हणून तिने आजवर कशावर सह्या केल्या आहेत ते पाहा, विशेषतः प्रवेशाच्या वेळचे कागद, कारण विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्मची मालकी संस्थेकडे राहील असे कलम काही ठिकाणी त्यांत असते. तसे असेल, तर श्रेयनामावली दुरुस्त करण्याची विनंती संस्थेलाच करता येईल, आणि तो मार्ग बहुधा अधिक सोपा असतो.

पण कायद्याच्या आधी एक साधे पत्र लिहावे, आणि ते तिनेच लिहावे, आपण नव्हे. त्यात दुखावल्याचा सूर नको, यादी हवी. शॉटचे अकरा क्रमांक, प्रत्येकात तिने काय केले (मुख्य रेखाटने, मधली रेखाटने, क्लीनअप की रंग), आणि त्या फाइलच्या तारखा. पूर्णपणे तिने केलेला शॉट आणि अंशतः केलेला शॉट यांत तिने स्वतःहून फरक करावा. एखाद्या शॉटचा लेआउट, म्हणजे चित्रातली मांडणी, दुसऱ्याचा असेल, तर तसे लिहावे. अशा प्रामाणिक यादीला उत्तर देणे टाळता येत नाही. मागणीही नेमकी असावी : ‘ॲनिमेशन’ या शीर्षकाखाली नाव. दिग्दर्शनाचा वाद या पत्रात आणू नये. गोष्ट, लय आणि अखेरचे निर्णय खरोखरच त्या मुलाचे असतील, तर ते श्रेय त्याचेच आहे. ते दोघा-तिघांचे असते, तर नावेही दोन-तीन देता आली असती. युगो साको, राम मोहन आणि कोइची सासाकी यांनी केलेल्या भारत-जपान ‘रामायण’ या ॲनिमेशनपटाच्या दिग्दर्शनाचे श्रेय तिघांच्याही नावावर आहे.

शोरीलबद्दल तिने निर्धास्त राहावे. आपण केलेले शॉट शोरीलमध्ये दाखवणे ही या क्षेत्रातली रूढ पद्धत आहे, फक्त फिल्मचे नाव आणि आपले नेमके काम प्रत्येक शॉटखाली लिहावे. महोत्सवात फिल्म अजून दाखवली गेलेली नसेल, तर तोवर ते शॉट इंटरनेटवर उघडपणे ठेवू नयेत, कारण काही महोत्सवांना फिल्मचा पहिला खेळ आपल्याकडेच व्हावा असे वाटते आणि आपल्या मुलीमुळे निवड अडचणीत आली असे कुणाला म्हणायला जागा राहू नये. मुलाखतीसाठी पासवर्ड लावलेली प्रत पुरते. अंतिम शॉटआधी त्याचे कच्चे रेखाटन दोन सेकंद दाखवले, तर काम कुणाचे ही शंकाही उरत नाही. निवड करणारे लोक कच्च्या रेषेकडे फार बारकाईने पाहतात.

पत्र तिने याच आठवड्यात पाठवावे. महोत्सवाकडे फिल्मची प्रत खेळाच्या काही दिवस आधी पोहोचवावी लागते, आणि तोपर्यंत श्रेयनामावलीतली एक ओळ बदलून ती फिल्म पुन्हा रेंडर करणे हे त्या गटासाठी जेमतेम तासाभराचे काम आहे.